ऐकण्याचं काम आणि त्याचं शिक्षण

दांड फाट्याहून रसायनीकडे वळलं की मोहोपाड्याची बाजारपेठ लागते. या परिसराचं अर्धं आयुष्य कारखान्यांशी बांधलेलं आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘एचओसी’, इथलीच. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिचे रसायनीतले तोट्यातले प्रकल्प बंद करायचं ठरवलं. रॉकेटसाठी लागणारं रसायन बनवणारा एक प्रकल्प इस्रोकडे गेला, बाकीच्यांना टाळं लागलं. पाताळगंगा औद्योगिक वसाहत चालू आहे, पण तिथली बरीचशी कामं आता कंत्राटी. पूर्वेकडे इर्शाळगड आणि त्याच्या आजूबाजूला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. पावसाळा सरला की यातली कितीतरी घरं बंद होतात, कारण माणसं वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघून जातात. कायमची नोकरी गेलेला पन्नाशीचा कामगार, परप्रांतातून येऊन एका खोलीत चौघांबरोबर राहणारा कंत्राटी पोरगा, भट्टीवरून परतलेली आणि नवऱ्याच्या दारूनं पिचलेली कातकरी बाई, अशी तीन तऱ्हांची माणसं इथे पाच-सहा किलोमीटरच्या परिघात राहतात. तिघांनाही झोप लागत नाही. तिघंही बहुधा अंगदुखीची आणि पित्ताची गोळी घेऊन घरी जातात.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं मुख्य पथक जिल्हा रुग्णालयात असतं, म्हणजे आपल्यासाठी पेण ओलांडून अलिबागला. मनोरुग्णालय म्हणायचं तर ठाण्याचं. ते १९०१ सालचं आहे, आणि पुणे, नागपूर, रत्नागिरी धरून राज्यात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच. खासगी मनोविकारतज्ज्ञ पनवेलला मिळतात, पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर तपासणीची फी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. लाख लोकांमागे देशात एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता भरत नाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे राज्यांमध्ये सर्वाधिक. त्या वर्षी देशात आत्महत्या केलेल्यांमध्ये रोजंदारी मजुरांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जास्त होता.

मग मधली माणसं कोण? डॉक्टर आणि वाडी यांच्यामध्ये उभं राहून ऐकणारी, धीर देणारी, गंभीर आजार ओळखून योग्य दारात नेणारी माणसं हवीत. हे सेवाभावाचं काम आहे हे खरं, पण पोट भरण्याचंही असायला हवं. मोहोपाड्यातल्या बारावी झालेल्या मुलीनं किंवा आयटीआय सोडलेल्या मुलानं ‘मला हे काम शिकायचंय’ म्हटलं, तर त्यांनी कुठे जावं, काय शिकावं आणि शिकून झाल्यावर त्यांना पगार कोण देणार, या प्रश्नाचा हा आढावा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अभ्यासक्रमांचा तुटवडा ही आपली मुख्य अडचण नाही. शिकलेल्याच्या पाठीशी महिनोन्‌महिने उभा राहणारा देखरेख करणारा अनुभवी माणूस आणि गावाजवळची पगारी जागा, या दोन गोष्टी नाहीत.

सामान्य माणसाला हे काम शिकवता येतं, यावर आता शंका घ्यायचं कारण उरलेलं नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि घरच्यांनाच शुश्रूषा शिकवली. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळच्या सकलवारात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं आणि हरियाणातल्या रायपूर रानीत चंडीगडच्या डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. त्यातूनच १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा कार्यक्रम आला.

पण नेमकं काय आणि किती शिकवावं लागतं, याचं सर्वांत बारकाईचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यानं दिलं. ‘संगत’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ‘मानस’ नावाच्या चाचणीत स्थानिक, बिगरव्यावसायिक समुपदेशकांना दवाखान्यांत बसवलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. सरकारी केंद्र बळकट करण्याच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पुढच्या चाचणीत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम होता. त्यात मनाची चिरफाड नव्हती. खचलेला माणूस काय काय करायचं सोडून देतो ते त्याच्याशी बोलून शोधायचं, त्यातली एखादी लहान, झेपेल अशी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावायची, आणि पुढच्या भेटीत तिचं काय झालं ते विचारायचं. शेजारणीकडे जाणं, परसातला वाफा, सकाळी उठून केस विंचरणं, इतकं साधं. समुपदेशक शाळा शिकलेले, त्याच भागातले, मानसशास्त्राची पदवी नसलेले. तीन महिन्यांनी या कार्यक्रमातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य हटलेलं होतं. नेहमीच्या देखभालीत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूच्या घातक सवयीसाठी अशाच समुपदेशकांनी केलेल्या कामाचाही फायदा दिसला, मात्र तो तुलनेनं लहान होता.

या कामाची माहिती देणारे लोक आकडे सांगतात आणि शिक्षणाची रचना सांगायची विसरतात, म्हणून ती इथे सांगतो. वर्ग तीनच आठवड्यांचा होता. त्यानंतर सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांबरोबर उमेदवारी. बैठकांचं ध्वनिमुद्रण व्हायचं. दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकायचे, ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, कुठे घाई झाली, कुठे उपदेश केला ते दाखवायचे. शिवाय महिन्यातून दोनदा प्रत्येकाशी वेगळं बोलणं व्हायचं. म्हणजे एका हिश्श्याचं शिक्षण आणि कित्येक पट देखरेख. पोहायला शिकवावं तसं हे काम पाण्यातच शिकवावं लागतं, आणि काठावर कुणीतरी जागं असावं लागतं. आपल्याकडच्या कार्यशाळांत नेमका हाच भाग गळतो. तीन दिवस सभागृहात चहा-नाश्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र होतं. सोमवारी तो कार्यकर्ता एकटाच कुणाच्या तरी ओटीवर बसलेला असतो आणि समोरची बाई ‘मला जगायचं नाही’ म्हणते.

महाराष्ट्रातही याचे धडे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्याही वर येऊन-जाऊन तपासणारे मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड होती. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. गावातले विश्वासू लोक निवडले, त्यांना समुपदेशनाच्या साध्या पद्धती शिकवल्या, मोबाइलवर दाखवायला छोट्या फिल्म दिल्या. या प्रयोगाची मला सर्वांत पटलेली बाजू वेगळी आहे. त्यात निराधार योजना, अपंगत्वाचा दाखला, रेशन मिळवून देणं हाही मानसिक आरोग्याच्या कामाचाच भाग मानला गेला. ज्या बाईची विधवा पेन्शन आठ महिने अडली आहे तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवणं अपुरं आहे. खालापूरच्या तहसील कार्यालयातली कोणती खिडकी कशासाठी, हे इथल्या कार्यकर्त्याला ठाऊक असायलाच हवं.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर वयस्क आज्यांना बसवून हेच ऐकण्याचं काम केलं. ‘मैत्रीचा बाक’ म्हणून ते जगभर गाजलं. तिथेही आज्यांच्या पाठीशी देखरेख करणारी माणसं होती.

मोहोपाड्याच्या अगदी जवळच्या दोन गोष्टी या कामाची व्याप्ती दाखवतात.

पहिली इर्शाळवाडीची. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर वाडीवर कोसळला. गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात पायवाटेनं चढले. २७ मृतदेह मिळाले आणि शोध थांबला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि मग पक्क्या घरांची वसाहत उभी राहिली. अशा वेळी गर्दी करणाऱ्यांना ‘काय झालं ते सांगा’ असं विचारायची घाई असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची पद्धत याच्या उलट सांगते. आधी आजूबाजूला बघा, कुणाला तातडीची गरज आहे ते ओळखा. मग ऐका, तेही समोरचा सांगेल तेवढंच. मग नातेवाईक, अन्न, कागदपत्रं, दवाखाना यांच्याशी त्याला जोडून द्या. घटना पुन्हा पुन्हा वदवून घेणं टाळा. हे दोन दिवसांत शिकवता येतं आणि डोंगरउताराखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत चार-पाच जणांना ते आधीच यायला हवं. पण खरं काम पहिल्या पंधरवड्यानंतर सुरू होतं. मृतदेहच न मिळालेल्या घरात शोक कसा करायचा, विधी कसे करायचे, आईवडील गमावलेलं मूल पहिल्या पावसाच्या आवाजानं दचकतं त्याला कसं सांभाळायचं? छायाचित्रकार परत गेल्यावर दोन-तीन वर्षं तिथे नियमित जाणारा माणूस लागतो. तो ठाकर समाजातलाच असेल तर त्याला निम्मं शिक्षण आधीच मिळालेलं असतं.

दुसरी गोष्ट कर्जतची. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशन सुरू केलं, आणि २००६ पासून कर्जतला त्यांचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि घरी पोहोचवायचं. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसं घरी परतली होती. औषध डॉक्टर देतात. पण सावरू लागलेला रुग्ण ज्या तुटक खुणा सांगतो, नदी, देऊळ, बाजाराचा वार, त्यावरून त्याचं गाव हुडकायचं आणि त्याच्यासोबत रेल्वेनं दोन-दोन दिवस प्रवास करून त्याला दारापर्यंत न्यायचं, हे समाजकार्यकर्त्यांचं काम आहे. घरच्यांना औषध का थांबवायचं नाही हे समजावणंही त्यांचंच. कर्जत-खालापूरच्या तरुणांसाठी गंभीर मानसिक आजार म्हणजे काय हे जवळून पाहण्याची अशी जागा इतक्या जवळ आहे. स्किझोफ्रेनिया पाहिलेला नसेल तर कार्यकर्त्याला त्याची भीती वाटत राहते, आणि घाबरलेला माणूस ऐकू शकत नाही.

आता शिक्षणाच्या वाटा. उच्च टोकाला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि मानसशास्त्रात नुसतं एम. ए. करून ती मिळत नाही. हे मुलांना दुसऱ्या वर्षाला कळतं, प्रवेशाच्या वेळी कळायला हवं. इग्नूचं एम. ए. २०२५ पर्यंत घरून करता येत होतं आणि ज्ञानासाठी ते चांगलंच होतं, पण परवाना म्हणून त्याकडे पाहू नये. समाजकार्याची वाट आपल्या भागाला जास्त जुळते. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, आणि वैद्यकीय-मनोसामाजिक कार्याचं शिक्षण तिथे १९४८ पासून आहे. पनवेलहून हार्बरची गाडी थेट गोवंडीला जाते, तिथून देवनार जवळ. चर्चगेटचं निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था हेही पर्याय आहेत. एम. एस. डब्ल्यू. झालेल्याला जिल्हा कार्यक्रमात, रुग्णालयात, आणि पोलीस ठाण्यांतल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात काम मिळू शकतं. हे कक्ष टाटा संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले. रसायनीकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागत असे, आणि समाजकार्य शिकलेल्यांची ही जुनी वाट आहे. त्या खुर्चीवर मनाचं ऐकणारा माणूस बसला तर पाताळगंगेच्या पाळ्यांत कितीतरी फरक पडेल.

पदवी नसलेल्यांची वाट वेगळी आहे, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. स्वतः त्या वाटेनं गेलेल्या माणसाचं ऐकणं वेगळं असतं, हे या एका संस्थेनं महाराष्ट्राला दाखवलं. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून, साताऱ्याचं परिवर्तन, पुण्याचा बापू ट्रस्ट यांनी आपापल्या पद्धतीनं कार्यकर्ते तयार केले. बापू ट्रस्टनं तर पुण्याच्या वस्त्यांत घराघरांत जाऊन काम उभं केलं.

कायद्यानंही आता या मधल्या माणसाला नाव दिलं आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या अनुसूचीत मानसिक आरोग्य साहाय्यक कार्यकर्ता हा वेगळा व्यवसाय म्हणून नोंदला आहे. हे मोठं पाऊल आहे. पण कागदावरच्या व्यवसायाला प्राथमिक आरोग्य केंद्रात खुर्ची मिळेपर्यंत त्याचा मोहोपाड्याला उपयोग नाही. सध्या हा भार आशाताईंवर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर टाकला जातो. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत मानसिक आरोग्य आलं आहे, आशांच्या तपासणी अर्जात उदासीबद्दलचे प्रश्नही आहेत. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, क्षयरोग, कुष्ठरोग सांभाळून याच बाईनं एका घरात तासभर बसून ऐकावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. २०२३-२४ मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलेल्या बायका आहेत या. जिल्हा कार्यक्रमातली पदंही बहुतांश कंत्राटी असतात. आज असलेला समुपदेशक पुढच्या वर्षी असेल याची हमी नसते, आणि या कामात माणूस बदलला की विश्वास पहिल्यापासून बांधावा लागतो.

अभ्यासात काय असावं याबद्दल आणखी दोन गोष्टींवर माझा आग्रह आहे. एक म्हणजे कायदा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं. वाडीवर सगळेच नात्यातले. कार्यकर्ती कुणाची वहिनी, कुणाची आत्या. अशा ठिकाणी गोपनीयता पाळणं शहरापेक्षा दसपट अवघड, आणि ते सराव करूनच येतं. वही कुठे ठेवायची, लग्नात भेटल्यावर काय बोलायचं नाही, इतक्या बारीक गोष्टी असतात. उलट, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार समजला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्तता चालत नाही. ही हद्द आधीच पक्की ठाऊक हवी.

दुसरी गोष्ट भगताची. वाडीवर माणूस आधी भगताकडे जातो, आणि बऱ्याचदा तिथे त्याला धीर मिळतो. भगताला शत्रू मानून काम सुरू केलं तर दारं बंद होतात. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावानं मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकमेकांकडे माणसं पाठवू लागले, ही रीत इथेही पडू शकते. मात्र भूत उतरवण्यासाठी मारहाण झाली, साखळीनं बांधलं, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडात असलेली २८ माणसं आगीत जळून गेली, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सांगायला हवं. नेमक्या कोणत्या क्षणी समजुतीची वाट सोडून पोलिसांकडे जायचं, हे त्याला देखरेख करणाऱ्या अनुभवी माणसाला फोन करून विचारता यायला हवं.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे आणि मराठीतही बोलता येतं. संकटात तो खरा आधार आहे, कार्यकर्त्यांनी तो प्रत्येक घरात लिहून द्यावा. पण ज्या वाडीवर रेंज मिळवायला टेकाडावर जावं लागतं तिथे फोन हा भेटीला पर्याय होणार नाही.

माझी मागणी छोटी आहे आणि ती इथेच पूर्ण होऊ शकते. चौकच्या ग्रामीण रुग्णालयात एक अनुभवी मनोसामाजिक कार्यकर्ता पूर्णवेळ बसावा. त्याच्या हाताखाली आसपासच्या वाड्या, कामगार वस्त्या आणि मोहोपाड्यातले दहा-बारा स्थानिक कार्यकर्ते पगारावर असावेत, आणि दर आठवड्याला त्यांची बैठक व्हावी. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे नफ्याच्या दोन टक्क्यांतून आरोग्यावर खर्च करता येतो. पाताळगंगेतल्या मोठ्या कंपन्यांनी शाळांना रंग देण्याऐवजी पाच वर्षं हे पगार द्यावेत, आणि तेवढ्या काळात शासनानं ती पदं आपल्याकडे घ्यावीत.

तोवर ज्यांना या वाटेवर यायचं आहे, त्यांनी कोणत्याही अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास काम करायला मिळेल? त्या कामावर देखरेख कोण करणार आणि वर्ग संपल्यावर किती महिने? आधीच्या तुकडीतले किती जण आज याच कामावर, किती पगारावर आहेत? पदविकेचं नाव कितीही भारदस्त असलं तरी या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर ती फी वाचवावी, आणि एखाद्या चांगल्या केंद्रावर जाऊन सहा महिने उमेदवारी मागावी.